पोंगलपर्यंत थांबू

मद्रासचा पाऊस उलट्या पावलांनी येतो. आमच्या साताऱ्याकडे दसऱ्यापर्यंत आभाळ निवळते, छत्र्या माळ्यावर जातात, रब्बीची पेरणी चाललेली असते. इथे नेमक्या त्याच दिवसांत समुद्राकडून काळे ढग चढतात, बंदरावर वादळाची खूण लागते आणि दिवाळीचे फटाके शेगडीजवळ ठेवून वाळवावे लागतात. इथले लोक याला ऐप्पसीचा पाऊस म्हणतात, त्यांच्या महिन्याच्या नावाने. उन्हाळाभर नळाखाली घागरींची रांग लावणारे हे शहर त्याच्या वाटेकडे डोळे लावून असते. परवा तो आला. एग्मोरच्या आमच्या कचेरीत सगळे उठून खिडक्यांपाशी गेले. कोणी कॉफी मागवली, कोणी म्हणाले, "चला, या वर्षाची काळजी मिटली." मी फायलीतून मान वर केली नाही. मला राग आला होता. आठ वर्षे होत आली. हा पाऊस सुरू झाला की मला राग येतो, आणि कार्तिक संपेपर्यंत तो अंगातून जात नाही.

लोकांना वाटते मी दुःखात असतो. दुःखी माणसाशी लोक हळू बोलतात, त्याला वाट करून देतात. रागावलेल्या माणसाचे काय करायचे ते कोणाला ठाऊक नसते. त्यातून तो माझ्यासारखा असला, आवाज न चढवणारा, संध्याकाळी वाचनालयात कोपऱ्यातली खुर्ची धरून बसणारा, तर त्याचा राग कोणाला दिसतही नाही.

माझी बायको तुळजा तंजावरची होती. तिचे पूर्वज केव्हाच तिकडे गेले आणि तिकडचेच झाले. तिची मराठी पहिल्यांदा ऐकली तेव्हा कोणी जुन्या बखरीचे पान मोठ्याने वाचत आहे असे वाटले. "मज ठाऊक आहे", "तुम्हांस काय पाहिजे", आणि त्याच दमात "सुम्मा बसा", म्हणजे उगी बसा. लग्नात माझे थोरले भाऊ, दादा, माझ्या कानाशी येऊन म्हणाले होते, "पोरगी गोड आहे रे, पण बोलते ती आपलीच भाषा ना?" तिने ते ऐकले होते. "तुमचीच," ती त्यांना म्हणाली, "तुम्हीं विसरलांत ती."

तिरुवल्लिकेणीत एका मोठ्या घराचे पाच पोर्शन करून ते भाड्याने दिलेले होते. त्यातला मागचा, विहिरीकडचा, आमचा. मूलबाळ झाले नाही. मी केंद्र सरकारचा कारकून, ठरावीक पगार, घरात दोन माणसे. पैसा शिल्लक पडायला याहून सोयीचे घर नाही, असे मी मनाशी म्हणत असे. मला आज या वाक्याची शिसारी येते.

संध्याकाळी पाचच्या सुमारास तायम्मा फुलवाली दाराशी यायची. गजरा ती हाताने मापायची, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. इथे त्याला मोळम म्हणतात. बाकीच्या बायका लांब हाताची फुलवाली बघत. तायम्मा ठेंगणी, तिचे मोळम आखूड, आणि तुळजा रोज तिच्याकडूनच मोगरा घ्यायची, वर चार सुटी नाणी टोपलीत टाकायची.

"उद्या सकाळी ही फुलं वाळलेली असतील," मी एकदा म्हणालो.

"असेनात. सकाळपर्यंत तर आहेत कीं."

तायम्मा हसून तिला म्हणाली, "अम्मा, अय्यांना हिशेब कळतो. फुलं नाही कळत."

मला त्यातल्या पहिल्या वाक्याचा आनंद झाला होता. दुसऱ्याकडे मी लक्ष दिले नाही.

बचत तिलाही येत होती, पण तिची रीत निराळी. इकडच्या घरांत तांदूळ धुवायला घेताना त्यातली एक मूठ बाजूच्या मडक्यात टाकायची चाल आहे. मूठभर तांदूळ, पिडि अरिसी. रोज एक मूठ काढल्याने जेवणाऱ्याला काही कमी पडत नाही आणि महिन्याकाठी मडके भरते. मला ही चाल फार आवडली. मी तिला म्हणालो, याचे मोठे पिंप करू, वाईट दिवसाला उपयोगी पडेल. ती महिना संपला की ते मडके उचलायची आणि गल्लीच्या टोकाला एक एकटी बाई राहत असे, तिच्या पदरात रिकामे करून यायची. दर महिन्याला. मडके परत कोरडे.

"निदान अर्धं राहू दे," मी म्हणालो. "वाईट दिवसासाठी म्हणूनच ठेवतात ना हे?"

"कोणाचा वाईट दिवस?" तिने विचारले. "त्या बाईंस आजच वाईट दिवस आहे कीं."

मी हसलो. भोळी आहे, असे माझ्या मनात आले. मी इतकी पुस्तके वाचली होती.

पुस्तकांचेही सांगतो. मी पुस्तके विकत घेत नसे, वाचनालय होते. एकदा तुळजा भावाबरोबर मूर मार्केटला गेली होती. तिथे जुन्या पुस्तकांच्या ढिगात तिला एक मराठी पुस्तक दिसले. देवनागरी तिला अडखळतच वाचता यायची, तरी तिने ओळखले. कोणाचे तरी प्रवासवर्णन, पाठपुठ्ठा उडालेला, आतली काही पाने गेलेली. ते पदरात गुंडाळून, बसमध्ये उभी राहून ती घेऊन आली आणि माझ्या हातात ठेवून माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मी किंमत विचारली. तिने सांगितली. मी म्हणालो, "फसवलं तुला. पानं बघून घ्यायची होतीस." ती म्हणाली, "बघितलीं. जेवढीं आहेत तेवढीं वाचा." मग आत जाऊन तिने स्टोव्ह पेटवला. रॉकेलच्या वासात मी ते चाळत बसलो आणि किती पाने गेली आहेत ते मोजले.

हे मला कोणी शिकवले? वडिलांनी, अण्णांनी. ते प्राथमिक शाळेत शिक्षक होते. त्यांच्या ट्रंकेत एक कोरे धोतर घडी घातलेले असे. सणाला ते बाहेर काढीत, ऊन दाखवीत आणि परत ठेवीत. ते त्यांच्या अंगावर पडले तेव्हा त्यांना ते कळण्यासारखे नव्हते. आम्ही भावांनी यातून काही शिकायला हवे होते. आम्ही एवढेच शिकलो की अण्णांचा शेवट कोणाच्या दाराशी हात न पसरता झाला.

ते गेल्यावर शेत विकले. माझ्या वाट्याचे पैसे दादांनी मला पाठवले, आणि मद्रासला आल्यावर पहिल्याच जानेवारीत मी त्या पैशांची पोस्टाची बारा वर्षांची सर्टिफिकिटे घेतली. मेणकापडात गुंडाळून ती ट्रंकेच्या तळाशी ठेवली. लग्न झाले त्याच्याही आधीची गोष्ट. तुळजाला मी ती दाखवली तेव्हा म्हणालो, "हे आपल्या वाईट दिवसाचं." तिने हात लावून पाहिले आणि विचारले, "तो कधीं येणार?" मी म्हणालो, "येऊ नये म्हणूनच ठेवायचं."

बारा वर्षांपैकी साडेतीन महिने राहिले असताना तो आला.

सप्टेंबर संपत होता, ऊन अजून चटके देत होते. तुळजा विहिरीवरून घागर आणताना मध्येच कट्ट्यावर बसू लागली. गच्चीचा जिना चढताना तिसऱ्या पायरीवर थांबून कठड्याला धरायची आणि कोणी बघत असले तर पदर सारखा केल्यासारखे करायची. कचेरीतल्या एकाने सांगितलेल्या डॉक्टरांकडे तिला नेले. त्यांनी तपासून तिला बाहेर बसवले आणि मला इंग्रजीत सांगितले. लहानपणच्या सांधेतापाने हृदयाची एक झडप आखडत आली होती. आगगाडीने काही तासांवरच्या एका मोठ्या इस्पितळात अशा शस्त्रक्रिया नुकत्याच होऊ लागल्या होत्या. "पावसाच्या आत न्या," ते म्हणाले. "दमट हवेत छाती भरली तर तिला झेपणार नाही. आज ती बरी आहे, म्हणून आज न्या." मी खर्च विचारला. त्यांनी अंदाज दिला. मला हायसे वाटले, कारण तेवढे पैसे माझ्याजवळ होते. ते हायसे वाटणे मी अजून विसरलो नाही.

दुसऱ्या दिवशी पोस्टात गेलो. खिडकीमागच्या म्हाताऱ्या कारकुनाने सर्टिफिकिटे उलटसुलट केली. "आज मोडता येतील, सार. व्याज कमी पडेल. पोंगलपर्यंत थांबलात तर पूर्ण." पोंगल म्हणजे इकडची संक्रांत. मग चष्म्यावरून बघत म्हणाला, "निकड तुमची तुम्हाला ठाऊक." किती कमी पडेल ते त्याने कागदाच्या कपट्यावर लिहून दिले. फार नव्हते. तुळजाची दोन-तीन वर्षांची फुले झाली असती. मी तो कपटा खिशात घातला आणि सर्टिफिकिटे मेणकापडात गुंडाळून परत घरी आणली.

घरी ती पाटावर बसून भाजी चिरत होती. डॉक्टरांकडून येताना मी तिला एवढेच सांगितले होते की उद्या नीट सांगतो.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"ऑपरेशन करू म्हणाले. साधंच असतं. घाई नाही. पोंगलपर्यंत थांबू."

विळीवरचा तिचा हात थांबला. "तेंच म्हणाले? घाई नाही म्हणून?"

"हो."

"सरी," ती म्हणाली. म्हणजे बरं. आणि पुन्हा चिरू लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "मग आज समुद्रावर जाऊं या कां? सुम्मा बसूं. सुंडल खाऊं." सुंडल म्हणजे खोबरे घातलेले उकडलेले हरभरे, वाळूवर पोरे कागदाच्या पुड्यांतून विकतात. मी म्हणालो, तुला चालवणार नाही. ती म्हणाली, रिक्षा करूं. मी म्हणालो, आता खर्चाला हात आखडता घ्यायला हवा, पुढे एवढे ऑपरेशन आहे. पोंगलनंतर जाऊ.

वाचणाऱ्याला वाटेल, हा माणूस दुष्ट होता. मला तसे वाटत नाही, आणि म्हणूनच मला इतका राग येतो. दुष्ट असतो तर निदान मला ठाऊक असते की मी काय करतो आहे. मी तिच्यावर प्रेम करत होतो आणि व्याज वाचवत होतो, आणि मला दोन्ही एकच वाटत होते.

मग ऐप्पसीचा पाऊस आला. त्या वर्षी तो थांबतच नव्हता. गल्लीत गुडघाभर पाणी, ताडपत्री ओढून चाललेल्या हातरिक्षा, बेडकांचा अखंड ओरडा. आत दोरीवरची धोतरे तीन-तीन दिवस वाळत नसत, त्यांचा आंबूस वास उशीला, भाताला, पुस्तकांना लागत असे. उंबऱ्याबाहेर तुळजा तांदळाच्या पिठाची रांगोळी काढायची आणि ती दुधासारखी पायऱ्यांवरून वाहून जायची. मग ती पागोळ्यांच्या आत, भिंतीला चिकटून, लहानशी काढू लागली. नंतर तेही वाकणे तिला जमेना. तिच्या पायांना सूज आली. जोडवी रुतू लागली तेव्हा तिने साबण लावून ती काढली आणि माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "हीं पण ठेवा तुमच्या मेणकापडांत." थट्टेनेच म्हणाली. आडवे पडले की दम लागायचा म्हणून पाठीशी उशा, मग उशांमागे घडी केलेली सतरंजी, मग ट्रंकच उभी करून तिला टेकून ती बसू लागली. तीच ट्रंक. मी रोज सकाळी कॅलेंडरचे पान फाडत होतो आणि मला वाटत होते की मी तिला वाचवण्याच्या एक दिवस जवळ गेलो.

एका संध्याकाळी तायम्मा भिजत आली. फुले घेऊन आत गेली, तुळजाला पाहिले, आणि बाहेर येऊन माझ्यासमोर उभी राहिली. कानातली लाल खड्यांची फुले काढून तिने पदराच्या टोकात बांधली होती. ती गाठ तिने सोडली.

"अय्या, ही सेठकडे गहाण ठेवा. अम्मांना दवाखान्यात न्या. माझं मी सावकाश बघून घेईन."

माझा चेहरा तापला. आमच्या घराण्यात कोणी कधी कोणाचे घेतले नव्हते, आणि ही फुलवाली.

"आमच्याकडे आहेत पैसे, तायम्मा," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिले. ती नुसती म्हणाली, "मग?"

तिने कानात फुले परत अडकवली आणि ती पावसात निघून गेली. त्या दोन अक्षरांसमोर मी आजही तसाच उभा आहे. तिच्यापुढे मी शिकलेला होतो. तिला व्याज ठाऊक नव्हते, मुदत ठाऊक नव्हती. आजारी माणूस आणि पैसा एका घरात असताना त्यांची गाठ का पडत नाही, एवढेच तिला समजत नव्हते. दुसऱ्या दिवशीसुद्धा मला पोस्टात जाता आले असते. मी कचेरीत गेलो.

कार्तिकातल्या दिव्यांच्या सणाला तिने सकाळीच नव्या पणत्या पाण्यात भिजत घातल्या, तेल कमी प्यावे म्हणून. मी तिला म्हणालो, आज घरी राहू का? ती म्हणाली, जा. मी गेलो. अकराच्या सुमाराला शिपाई टेबलाशी आला. घराजवळच्या औषधाच्या दुकानातून फोन होता. मद्रासमध्ये मी पहिल्यांदा टॅक्सी केली. ड्रायव्हरने पाणी भरलेय म्हणून मीटरच्या वर मागितले. मी दिले. मागितले असते तर आणखी दिले असते. पैसे कसे द्यायचे ते मला त्या एका प्रवासात आले.

समोरच्या पोर्शनमधल्या मामी तिच्यापाशी होत्या. त्यांनीच तिचे डोळे मिटले होते. "मी म्हटलं तिला, दम वाढतोय, त्यांना फोन करू का?" त्या रडत सांगत होत्या. "तर म्हणाली, नको, त्यांना रजा साठवायची आहे, पोंगलनंतर लागेल."

खरे होते. मी रजाही साठवत होतो. तेराव्यापर्यंत हक्काची रजा घेतली. किरकोळ रजेचे पाच दिवस मी अडीअडचणीसाठी राखून ठेवले होते. ते तसेच राहिले, आणि एकतीस डिसेंबरला नियमाप्रमाणे वाया गेले.

तेराव्याला दादा साताऱ्याहून आले. पाऊस ओसरला होता, अंगणात पत्रावळी मांडल्या होत्या. जेवण झाल्यावर ते माझ्याजवळ बसले, पाठीवर हात ठेवला.

"जे झालं ते झालं, बाबा. पण एक गोष्ट चांगली, तू कर्जात नाही पडलास. लोक दवाखान्यापायी घरंदारं विकतात. तुझी शिल्लक शाबूत आहे."

मी समोरची रिकामी वाटी उचलून हातात धरली.

"अजून वय आहे तुझं. शिल्लक असली की माणूस पुन्हा उभा राहतो. अण्णा असते तर त्यांनी तुझं कौतुक केलं असतं."

त्या क्षणी हातातली वाटी मी त्यांच्या तोंडावर मारायला हवी होती. मी त्यांना सुपारी दिली. आठ वर्षे मी मनातल्या मनात ती वाटी मारतो आहे, आणि दर वेळी ती माझ्याच तोंडावर येऊन लागते.

कधीकधी मला तुळजाचाही राग येतो. हे लिहायला मला फार वेळ लागला. तिने एकदाच विचारले, "तेंच म्हणाले?" दुसऱ्यांदा का नाही विचारले? लोकांच्या भुकेला ती तिथल्या तिथे उठून जायची. तिला माझा खोटेपणा समजला नसेल? मला वाटते, समजला होता. मला वाटते, तिने मला ओशाळे होऊ दिले नाही. एवढी एक दया तिने माझ्यावर उधळायला नको होती. ज्या घरात नवऱ्याची अब्रू बायकोच्या श्वासापेक्षा जपली जाते, त्या घराला लोक चांगले घर म्हणतात, आणि मला अशा सगळ्या चांगल्या घरांचा राग येतो. काटकसरी, निर्व्यसनी, कोणाचे देणे नसलेली. परवा कचेरीत नव्याने लागलेला एक मुलगा म्हणत होता की आईच्या डोळ्यांचे ऑपरेशन बोनस मिळाल्यावर करू. बाकीच्यांनी माना हलवल्या, किती विचारी मुलगा म्हणून. मी म्हणालो, "उद्या करा." तो हसला. मी टेबलावर हात आपटून म्हणालो, "उद्या!" दौत सांडली. सगळे माझ्याकडे बघत राहिले. नंतर कोणीतरी त्याला हळूच सांगत होते, त्यांची बायको पावसातच गेली, या दिवसांत ते असे होतात.

त्या वर्षी पोंगलची सुट्टी संपल्यावर पोस्ट उघडले, त्या दिवशी मी गेलो. आभाळ स्वच्छ होते, ऊन कोवळे. या शहराचा सगळ्यात सुंदर महिना. खिडकीमागे नवा तरुण कारकून होता. त्याने हिशेब केला, पूर्ण व्याज धरून, एक पैसाही कमी नाही. मग त्याने विचारले, "रोख देऊ, सार, की पुन्हा सर्टिफिकिटं करू? आणखी बारा वर्षं?"

मी त्याला सांगणार होतो की रोख दे. रस्त्यात उधळतो, समुद्रात टाकतो, त्या गल्लीच्या टोकाच्या बाईला देतो. हे सगळे माझ्या मनात अगदी स्पष्ट होते. त्याने फॉर्म पुढे सरकवला, टाक शाईत बुडवून दिला, जागा बोटाने दाखवली. आणि मी सही केली. आणखी बारा वर्षांसाठी.

त्याने सहीवर टीपकागद दाबला. बारा वर्षांपूर्वीचा माझा अर्ज काढून दोन्ही सह्या शेजारीशेजारी धरल्या, आणि त्याचा चेहरा खुलला.

"वा, सार," तो म्हणाला. "इतक्या वर्षांत तसूभरसुद्धा फरक नाही."